एका टिंबाची कप्तान

पेरूतल्या लीमा शहरातल्या आमच्या टेकडीवर नेलिदाला सगळे ओळखतात. दिवसभर जीन्सचे खिसे शिवायचे आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात ती चार वर्षं पाच जणांच्या टोळीची कप्तान होती. टोळीतल्या चौघा पोरांना कप्तान ठाऊक होता, ती बाई आहे हे ठाऊक नव्हतं.

आधी ती स्वतःच्या आवाजात खेळून बघत होती. प्रत्येक टोळीत तेच. एकतर फोटो मागायचे, नाहीतर म्हणायचे, "पोरींनी वैदू व्हावं." वैदू म्हणजे मागे राहून जखमी गड्यांना बरं करणारा. मग तिने पुरुषी नाव घेतलं आणि माइक मोडलाय म्हणून सांगितलं. ती लिहून हुकूम द्यायची. ऐन लढाईत लांबलचक कोण लिहिणार? एक टिंब म्हणजे मागे फिरा, दोन म्हणजे तुटून पडा. टिंब पडलं की एरवी बापालाही न जुमानणारी ती पोरं निमूट मागे फिरत. तिला ते 'मुका' म्हणायचे, प्रेमानं.

मग अंतिम सामना आला, तो लीमातल्याच कोमास भागातल्या एका हॉलमध्ये. सगळ्यांनी समोरासमोर बसून खेळायचं. नेलिदा जायला तयार नव्हती. मला राग आला. म्हटलं, "किती दिवस भुतासारखी राहणार? जा, तोंड दाखव."

"मावशी, तोंड दाखवायची हौस तुम्हाला," ती म्हणाली. "मला कप्तान राहायचंय."

तरी माझ्या भरीला पडून गेली. मीही गेले.

टोळीतला रुस्बेल, मासळीबाजारात पेट्या उचलणारा, तिला म्हणाला, "ताई, बघणारे तिकडे बसतात."

"मीच मुका."

मग रुस्बेल हसला. "मुक्याला वाचा फुटली म्हणायची. खरं सांग, खेळायचा कोण? भाऊ?"

"मला भाऊ नाही."

"बरं बरं. तो येऊ शकला नाही, तुला पाठवलं. पाचवा गडी नसला तर आपण बाद, म्हणून बस. वैदू हो. हुकूम मी देईन."

ती माझ्याकडे बघून खुर्चीत बसली. ती नजर अजून टोचते मला.

खेळ बरोबरीत चालला होता. शेवटच्या चढाईत रुस्बेल तिघांना घेऊन समोरच्यांच्या बुरुजाकडे निघाला. बाजूच्या झाडीत पाचही शत्रू दबा धरून होते. नेलिदाला ते कळलं. तिने टिंब ठोकलं. कुणी वळलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "मागे फिरा, झाडीत आहेत."

"तू मलमपट्टी बघ, बारके," रुस्बेल ओरडला.

चौघेही तिथेच मेले. मिनिटभरात आपला बुरूज पडला, सामना गेला. रुस्बेलने हेडफोन आपटला. "पोरगी घेतली की असंच होतं. जा, घरी मिरची वाट."

मी उठले होते, त्याचं थोबाड रंगवायलाच. नेलिदानं माझा हात धरला. तेवढ्यात त्यांच्यातला एलिसेओ हळूच म्हणाला, "टिंब पडलं होतं. मी बघितलं."

"मग फिरला का नाहीस?" रुस्बेल म्हणाला.

एलिसेओने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

महिनाभराने मी नेलिदाच्या घरी गेले. टेकडीवरच्या आम्हा बायकांची दर गुरुवारी सभा भरते, तिथे तिने हे सगळं बोलावं, असं मला वाटत होतं. ती खेळत होती. नवं नाव, तेही पुरुषाचं, आणि माइक पुन्हा मोडलेला. पडद्यावर रुस्बेलचं लिहिणं दिसत होतं. तो नव्या गड्याला, म्हणजे तिलाच, शिकवत होता: "भावा, आमच्यात एक टिंब म्हणजे मागे फिरा. आमच्या जुन्या मुक्याची रीत. काय डोकं होतं त्याचं. बहिणीने घाण केली, तेव्हापासून बेपत्ता आहे."

"आणि तू हे वाचून घेतेस?" मी ओरडले.

"मावशी, गुरुवारी सराव आहे," तिने मान न वळवता सांगितलं.

मग तिने एक टिंब ठोकलं. चौघे निमूट मागे फिरले.