दोन नंबर लाइनचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवली आहे. तेव्हा तुम्ही माझी उडवलीत तर तक्रार नाही... फक्त आधी पूर्ण वाचा.

मी मूळचा जळगावचा. धुळ्याबाहेर हायवेला लागून असलेल्या एका पाइप कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. चार-पाच वर्षांपूर्वी इथे कपाशी आणि बाजरी होती. आता शेडला शेड लागलीय, गोठ्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्यात, आणि ज्यांची शेतं होती तेच गळ्यात आयकार्ड घालून गेटवर पंच करतात.

सुमनअक्का त्यातल्याच. पॅकिंगला असतात. जमीन कंपनीत गेली, मग त्यांचे मालक, म्हणजे यजमान, त्याच जमिनीवर वॉचमन झाले. गेल्या मे महिन्यात, आमची दोन नंबरची शेड उभी राहायच्या आधी, ते तिथेच उन्हात कोसळले. पाणी आणेपर्यंत गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. खान्देशात घरोघरी भरतात, माझ्याही घरी. यंदा अक्कांच्या मालकांची पहिलीच घागर. अक्कांनी ती थेट त्या शेडमधल्या दोन नंबर लाइनजवळ आणून ठेवली, वर लोटा.

"अक्का, हे घरी करायचं असतं," मी म्हणालो.

"घर कशी भरू साहेब? त्या आठेच पानी पानी करत गयात. त्या आठेच शेतस." ते इथेच पाणी पाणी करत गेले, ते अजून इथेच आहेत, असं त्यांचं म्हणणं.

दुपारचा एक वाजलेला. ऑर्डर तुंबलेली, शेजारी इलेक्ट्रिक पॅनल, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी घागर उचलली आणि बाहेर नालीत ओतून दिली. अक्का रिकामी घागर घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

दहा मिनिटांत ऑपरेटरने हाक मारली. गरम पाइप ज्या टाकीतून गार होत पुढे जातो, त्या टाकीचं पाणी उतरत होतं. पाइप वाकडेतिकडे निघायला लागले. बोअर चालू, पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बंद, पंप ठीक. मी स्वतः टाकीखाली आडवा पडून हात फिरवला — फरशी कोरडी ठणठणीत! पाणी भरलं की डोळ्यांदेखत खाली जायचं. तेही सलग नाही हो... थांबून थांबून. कुणीतरी घोट घोट घेतल्यासारखं.

खोटं कशाला बोलू, मला नालीत ओतलेली घागर आठवली.

मी लाइन बंद केली. अक्कांच्या हातातून घागर घेतली, बोअरवर भरली, होती तिथे लोट्यासकट ठेवली. टाकीचं पाणी जागच्या जागी थांबलं. थोड्या वेळाने अक्कांनी लोटा उचलून आत पाहिलं. घागर रिकामी होती. खाली ओलसुद्धा नाही.

"आखो भरा," त्या म्हणाल्या.

पुन्हा भरली. मग आणखी एकदा. चौथ्यांदा पाणी घागरीत राहिलं, आणि अक्का तिथेच फरशीवर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी टाकी पूर्ण खोलली. दोष सापडला नाही. रिपोर्टवर "कारण कळले नाही" असं लिहून मी सही केली, आणि ते आजही कळलेलं नाही. पण मला जे खुपतं ते वेगळंच आहे. तो माणूस एकदा तहानलेला गेला, त्यात माझा काही हात नव्हता. दुसऱ्यांदा त्याच्या तोंडचं पाणी मी ओतून दिलं.