न रंगवलेली खोली

पाहुण्यांच्या काळ्या बुटाला पिवळा रंग लागला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या आमच्या प्लांटमध्ये कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनत. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा डबा. धंदा मंदावला होता, ले-ऑफच्या वावड्या उठत होत्या. माझं ग्रीनकार्ड कंपनीच्या हातात. नोकरी गेली की गाशा गुंडाळून पुण्याला परत. अशात चीनहून डेलिगेशन आलं. त्यांना त्यांच्या प्रांतात असाच प्लांट उभारायचा होता. यंत्रं आणि ट्रेनिंग आमच्याकडून. त्या डीलवर आमच्या नोकऱ्या टिकणार होत्या.

"प्लांट चकाचक दिसला पाहिजे," माझा बॉस बिल म्हणाला होता. मी पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेला माणूस. मंत्री येणार म्हटलं की तिथे आम्ही झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू-चुना फासायचो. त्याच सवयीने मी सकाळीच फ्लोअरवरचे पिवळे पट्टे नव्याने मारून घेतले. ते वाळले नव्हते.

डेलिगेशनचे प्रमुख त्या प्रांताच्या उद्योगखात्यातले बडे अधिकारी. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी बूट उचलून तळ पाहिला आणि ते काहीतरी बोलले. दुभाषी मुलगी जरा घुटमळली.

"सर विचारताहेत, हा रंग खास आमच्यासाठी का?"

बिल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हो सर. इंडियात मोठे पाहुणे येणार असले की आम्ही असंच करतो."

ते खदखदून हसले. "आमच्याकडेही! मी जाईन तिथे ओल्या रंगाचा वास." मग म्हणाले, "आता जिथे रंग दिला नाही, ती जागा दाखवा."

ती जागा म्हणजे रिजेक्ट रूम. टेस्टमध्ये फेल झालेले नग तिथे पडायचे. बिलने तिला कुलूप घालायला लावलं होतं. चावी माझ्या खिशात.

"दाखवू?" मी हळूच विचारलं.

"वेड लागलंय? डील जाईल!"

"नाही दाखवली तर नक्कीच जाईल, बिल."

त्याने कपाळाला हात लावला आणि मान डोलावली.

पाहुणे त्या धुळकट खोलीत चांगले रमले. एकेक नग उचलायचे. हा का फेल झाला? पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत? मी सांगत गेलो. एका नगापाशी मात्र अडलो. "याचं कारण अजून सापडलेलं नाही, सर." ते वळून बिलला म्हणाले, "आमच्या लोकांना हाच माणूस शिकवेल."

गाडीकडे जाताना दुभाषी हलक्या आवाजात म्हणाली, "कारखान्यांचे आकडे फुगवलेले आहेत, असं सर एकदा मीटिंगमध्ये बोलले होते. त्याची शिक्षा म्हणून त्यांना काही वर्षं खेड्यात भात लावायला पाठवलं होतं."

डील झालं. मी डेस्कवरून घरी बायकोला फोन लावला. "सुमा, आपण कुठेही जात नाही!"

"हुश्श! थँक गॉड," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग नाक पुसत म्हणाली, "येताना दूध घेऊन ये. आता गॅलनचा मोठा कॅन आण."

डेलिगेशनचे ते प्रमुख पुढे बीजिंगमध्ये फार वर गेले. परदेशी धंद्याला बंद असलेली दारं उघडली, तोट्यातले कारखाने वठणीवर आणले, शिव्याही खाल्ल्या. आता ते रिटायर झालेत, मीही. ते पदावर असताना टीव्हीवर एखाद्या कारखान्यात फिरताना दिसले की मी आधी तिथली फरशी बघायचो.

शिकलो ते एवढंच. पाहुण्यांसाठी रंग द्यायचाच असेल तर आदल्या दिवशी द्यावा. आणि रिजेक्ट रूमची चावी खिशात असू द्यावी.