अल माउंटन

दुकानात किस्से कसे साठतात, माहितीये? गटिंगला टाकलेल्या रॅकेटींसारखे! लोक टाकून जातात, न्यायला परत कुणी येत नाही, आणि एक दिवस बघावं तर खुंटीला जागाच नाही. मस्कतमध्ये रुवीला लागून हमरिया आहे. तिथे खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी रॅकेटींना गट, म्हणजे जाळीची तार, भरायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या खुंटीवरचे निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत, आणि ती वस्तू म्हणजे स्की. हो, बर्फावरून घसरायची स्की. ओमानमध्ये! हसा, हसा. आमचे इस्माईलभाईही हसले होते, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

*

इस्माईलभाई दुकानाचे सेल्समन. दापोलीकडचे. माणूस असा की मोजे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला क्रिकेटचा अख्खा किट बांधून देतील, आणि गिऱ्हाईक वर थँक्यू म्हणून जाईल.

दुकानाचा मालक, आमचा अर्बाब, मूळचा खाबुऱ्याचा. दुबईत कुठलंसं दुकान बंद होत होतं, तिथला माल त्याने न बघता उचलून आणला. खोकी उघडली. फुटबॉल निघाले, डंबेल्स निघाले, आणि तळाशी स्कीचा एक जोड, दोन काठ्या आणि बादलीएवढे बूट! अर्बाबने स्की उभी धरली, तर ती त्याच्या डोक्याच्या वर. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं. इस्माईलभाई जे फुटले ते गिऱ्हाइकांसमोर पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

अर्बाबने स्की भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळी इस्माईलभाई रजा मागायला गेले. त्यांच्या मुलीचा, शबानाचा, निकाह मे महिन्यात ठरला होता आणि रजेची पाळीही त्यांचीच होती. अर्बाब आमच्याशी हिंदी बोलायचा, म्हणजे त्याची स्वतःची हिंदी.

"तुम हंसा?"

"हंसा, अर्बाब. गलती हुआ."

"अब तुम बेचो. पहले स्की जाएगा, पीछे तुम जाएगा. खलास!"

पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात. वाद घालणार कसा? त्यानंतर इस्माईलभाईंनी कधीही "अर्बाब, छुट्टी?" म्हटलं, की उत्तर एकच: "इन्शाल्ला!" आणि पाठ फिरवून चहा.

इस्माईलभाई मला म्हणायचे, "सावंत, शब्द अल्लाचा आहे, त्याला मी काय बोलू? पण हा सूर आहे ना, तो या माणसाचा स्वतःचा आहे!"

*

स्कीला एक चिठ्ठी अडकवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'ऑल-माउंटन'. इस्माईलभाईंनी मला अर्थ विचारला.

"सगळ्या डोंगरांवर चालते," मी सांगितलं. "क्रिकेटमधला ऑलराउंडर असतो ना, तशी."

"म्हणजे बॅटिंग पण, बॉलिंग पण!" ते खूश. लगेच पेंटरला गाठून अरबीत पाटी करायला सांगितली. आता ओमानमध्ये गाव असो, रस्ता असो, घराणं असो, नावाआधी 'अल' हे आलंच. पेंटरने 'ऑल' ऐकलं आणि सवयीने 'अल' रंगवलं. पाटी झाली, 'अल माउंटन'!

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे ओमानी गृहस्थ पाटीसमोर थांबले. बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "हे अल माउंटन कुठले लोक? निझवाचे का?"

इस्माईलभाईंची पापणी लवली नाही. "नाही बाबा, लांबचे. थंडीच्या गावचे."

"माणसं चांगली आहेत?"

"माणसं एकदम चांगली! फक्त घसरतात."

*

एक गिऱ्हाईक मात्र खरंच तयार झालं होतं. अर्बाबच्याच गावचा, खाबुऱ्याचा बागवाला. त्याने स्की हातात घेतली, वजन पाहिलं, वर करून छताला लावून पाहिली. इस्माईलभाईंनी मला डोळा मारला. झालं, रजा आली!

"टोकाला आकडा बांधला की आंबे पाडायला फर्स्ट क्लास," बागवाला म्हणाला. "ही एक द्या."

"एक नाही मिळणार. जोड आहे, जोडच घ्यावा लागेल."

"अरे, झाडं खूप आहेत. पण पाडणारा मी एकटाच आहे ना!"

आणि गेला की हो!

*

मग इस्माईलभाईंनी पवित्रा बदलला. "गिऱ्हाईक विचारतं, चालते कशी? मी काय सांगू, डोंबल? कुणीतरी चालवून बघा रे!"

पुढे आला बाळा घाडी. हा आमचा डिलिव्हरी ड्रायव्हर, मालवणचा. घाडी म्हणायचा, चाकं असोत नसोत, मी चालवतो. शुक्रवारी दुकानाची पिकअप काढली आणि गेलो वहिबाच्या वाळवंटात. तिथे वाळूच्या टेकड्या अशा, की बघून मान दुखावी.

आता घसरायचं म्हणजे तेल हवं, हे आमचं शास्त्र. खोबरेलाची अख्खी बाटली स्कीच्या तळाला चोळली. स्की वाळूवर ठेवली मात्र, बांगडा रव्यात घोळवावा तशी ती दोन्ही अंगांनी वाळूने भरली! आधीच बूट घाडीला मोठे, त्यात दोन टॉवेल कोंबलेले. घाडी टेकडीवर उभा. "ढकला रे!" म्हणाला. आम्ही दिला धक्का.

स्की जागेवर. स्कीला अडकलेले बूट जागेवर. आणि घाडी बुटांतून सुटून, नुसत्या मोज्यांवर, थेट खाली!

तोंडातली वाळू थुंकत वर आला तेव्हा इस्माईलभाईंनी आशेने विचारलं, "कशी वाटली?"

"गाडी बरी आसा ओ," घाडी म्हणाला, "पण हँडब्रेक काढूचो खंय?"

*

ही हकिकत दुकानात रंगवून सांगत होतो, तेव्हा देशपांडेवहिनी मुलाची, रोहनची, रॅकेट घ्यायला आल्या होत्या. वहिनी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवायच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि वर्गात बोलावं तशा बोलल्या, "तेल कसलं लावता? ड्रॉवर अडकला की आपण मेणबत्ती घासतो ना?"

घाडी लगेच मेणबत्त्या आणायला पळाला.

पुढच्या शुक्रवारी देशपांडे कुटुंबही डबा घेऊन बरोबर. मेणबत्ती घासली. घाडी पडला, मी पडलो, इस्माईलभाई तर स्की बांधतानाच पडले. वहिनी बघत होत्या. मग म्हणाल्या, "सरका!"

ओढणी कमरेला खोचली, बुटांत पाय घातले आणि निघाल्या. आई गं! सरळ रेषेत, हात पसरून, "अहो, अहो, अहो" असा एकच सूर लावून. चटई मागे गेली, डब्याचं झाकण हातात धरलेले देशपांडे मागे गेले, आणि वहिनी खाली एका बाभळीच्या झुडपात जाऊन स्थानापन्न झाल्या.

रोहन आनंदाने नाचायला लागला. त्याचं मराठी जरा अडखळत चालायचं. "आई, यू आर ग्रेट! सगळे लवकर पडला, तू लेट पडला!"

वहिनींनी केसांतले काटे काढले आणि अभिप्राय दिला, "स्की उत्तम आहे. फक्त कुठे थांबायचं, ते तिचं तिला ठरवू द्यायचं."

"मग पॅक करू, वहिनी?" इस्माईलभाई तिथेच, वाळूत.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. देशपांडे म्हणाले, "ठेवायची कुठे? आपल्या फ्लॅटमध्ये मी आडवा झालो की जागा संपते."

*

त्या दिवशी देशपांडे त्यांच्या गाडीने पुढे निघून गेले, आणि पिकअपमधून परत येताना इस्माईलभाई गप्प होते. हा माणूस गप्प बसला की गाडीतली हवाच जाते. शेवटी म्हणाले, "सावंत, काल शबानाचा फोन होता. म्हणते, अब्बा, तुम्ही येणार नसाल तर तारीख पुढे ढकलू या. मुलाकडचे कितीदा ऐकतील? पोरगी लहान होती तेव्हा पण मी इथे, मोठी झाली तेव्हा पण मी इथेच. आता पाठवणीला तरी..."

खिडकीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं. घाडीने नाक पुसायला हात वर घेतला, आणि तेवढ्यात पिकअप वाळूत रुतली!

चाक फिरतंय, गाडी खाली खाली. फळ्या नाहीत, दोरी नाही, माणूस दिसत नाही. घाडी खाली उतरला, मागून स्की काढल्या आणि दोन्ही मागच्या चाकांखाली सारल्या. "यल्ला!" म्हणत गिअर टाकला. गाडी टुणकन बाहेर!

घाडी म्हणाला, "आज कळला, ही खरी कोणासाठी केल्यानी ती."

*

मग आला जर्मन. इंजिनियर होता, रजेवर दरवर्षी बर्फात जाणारा, म्हणजे खरा दर्दी. दारातून स्की दिसली म्हणून आत आला, ती उचलली, वाकवली, कडेवरून अंगठा फिरवला. आम्ही तिघे श्वास रोखून उभे. इस्माईलभाईंचे ओठ हलत होते, बहुतेक दुआ मागत होते.

"चांगली स्की आहे," जर्मन इंग्रजीत म्हणाला. "कडक बर्फ, मऊ बर्फ, सगळीकडे चालेल." मग तळ उलटा करून बघितला. त्याच्या भुवया वर गेल्या. "ही कुणी वापरली? एवढे आडवे चरे! कसा चालवत होता हा माणूस?"

इस्माईलभाई खोटं बोलू शकले असते. पण मेणबत्तीचे पांढरे पट्टे, बाभळीचा काटा आणि टायरची नक्षी, तिन्ही गोष्टी तिथेच समोर.

"सर," ते म्हणाले, "माणूस नाही. पिकअप."

जर्मन इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. इस्माईलभाईंशी हात मिळवला, दोनदा मिळवला. आणि स्क्वॉशचा एक बॉल घेऊन गेला.

*

हे अर्बाबच्या कानावर गेलं. भडकला! "मेरा स्की, तुम लोग गाडी चलाया?" चुलीत घाला तुमची स्की, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण इस्माईलभाई शांतपणे म्हणाले, "अर्बाब, अच्छा माल है. तुम खुद देखो."

शुक्रवारी अर्बाब स्वतः वहिबात हजर. पायघोळ पांढरी दिशदाशा गुडघ्यापर्यंत वर खोचली. बूट घातले. ते बूट, जे आमच्यातल्या एकालाही बसले नव्हते, ते त्याला माप घेऊन शिवल्यासारखे बसले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अर्बाब निघाला. पडला नाही. खाली पोचला, वळून वर बघितलं आणि लहान मुलासारखा ओरडला. पुन्हा वर चढला, पुन्हा घसरला. सूर्य कलला तरी हा आपला वरखाली, वरखाली. शेवटी घामाने निथळत, दोन्ही स्की छातीशी धरून आमच्याकडे आला.

"इस्माईल! ये नहीं बेचने का. ये मेरा!"

इस्माईलभाईंचा चेहराच उतरला. स्की गेल्याशिवाय रजा नाही, आणि आता स्की विकायचीच नाही! मला अर्बाबचा असा राग आला की काय सांगू. घाडी दुसरीकडे बघून मालवणीत जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

इस्माईलभाईंनी मात्र अंगावरची वाळू झटकली, अर्बाबसमोर उभे राहिले आणि नेहमीच्या सेल्समनच्या आवाजात म्हणाले, "मुबारक हो, अर्बाब. लेकिन दुकान का माल है. ले जाना है तो कस्टमर को आना पड़ेगा."

अर्बाबने स्की पिकअपमध्ये ठेवली आणि स्वतःच्या गाडीत बसून निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. अर्बाब रोज मागच्या दाराने यायचा, शिव्या देत. त्या दिवशी पुढच्या दाराने आला. इस्त्रीची दिशदाशा, डोक्याला नवा मस्सर, अत्तराचा घमघमाट. काउंटरसमोर गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला.

"सलाम आलेकुम. वो अल माउंटन दिखाओ."

इस्माईलभाईंनी स्की काढली, फडक्याने पुसली आणि सुरू झाले. सगळ्या डोंगरांवर चालते. लेडीज चालवतात. जर्मन माणसाने पास केलेली आहे. गाडी अडकली तर काढून देते. एक शब्द कमी केला नाही!

"लास्ट प्राइस बोलो," अर्बाब म्हणाला.

"फिक्स प्राइस. दीवार पर ये बोर्ड आपने ही लगवाया है."

मी रॅकेटमध्ये तोंड खुपसून बसलो होतो. घाडी तर दुकानाबाहेर पळाला.

अर्बाबने खिशात हात घातला. आधी पैसे ठेवले. मग त्यांच्यावर इस्माईलभाईंचा पासपोर्ट ठेवला. मग त्याच्यावर मुंबईचं विमानाचं तिकीट.

इस्माईलभाईंनी दोरी नीट बांधली, गाठ मारली आणि स्कीचा जोड दोन्ही हातांनी अर्बाबच्या हवाली केला. पासपोर्ट, तिकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात गेलं. वरून हात तसाच छातीवर राहिला.

अर्बाब दारापर्यंत गेला. थांबला. वळला.

"इस्माईल, ठीक नहीं चला तो वापस लेगा ना?"

इस्माईलभाईंनी चहाचा कप उचलला, पाठ फिरवली आणि म्हणाले,

"इन्शाल्ला!"