घाटाकडे निघालेली दुधी फियाट

मी सांगली सोडली त्या सकाळी आप्पा गाडी पुसत होते. मुंबईला न्यायला दारात टॅक्सी उभी, आईचा पदर डोळ्याला, आणि आमचे पिताश्री फियाटच्या बॉनेटवर फडकं फिरवतायत. विमानतळापर्यंत मीच सोडणार, हा त्यांचा हट्ट. मी फटकन म्हटलं, ही गाडी घाटात बसकण मारेल आणि माझं विमान जाईल. "बरं, जा मग नीट," एवढंच बोलले आणि परत वाकून पुसायला लागले. मला त्यांचा रागच आला होता.

आता मी म्युनिकला असते. बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांसारखंच माझं: ऑफिस, ट्राम, फ्रीजरमधले पराठे, रविवारी आईला व्हिडिओ कॉल. इथं एक खोड तेवढी जडली. सुट्टीच्या दिवशी इथले म्हातारे आपल्या जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात आणि मी फुटपाथवर खुळ्यासारखी बघत उभी राहते. तिकडं आपल्या सातारा-सांगलीकरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रस्त्यात जुनी गाडी दिसली की फोटो टाकायचा, कुठं दिसली ते लिहायचं, बास. त्यात कोण कोण आहेत मला ठाऊकही नव्हतं. पण पाटणच्या पुलावर एखादी अँबेसेडर दिसली की माझी सकाळ बरी जायची.

या उन्हाळ्यात ट्रामनं ऑफिसला जाताना ग्रुप उघडला. "कराडला दुधी फियाट. आजोबांनी लय भारी ठेवलीय गाडी." मागच्या काचेला निळे पडदे. ते पडदे आईनं शिवलेत. आणि स्टेअरिंगवर आप्पा, एकटे.

आप्पांना वर्षभरापासून विसर पडायला लागला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. आईला फोन केला, तर ती निवांत. "दाढीला गेलेत की कोपऱ्यावर." मी म्हटलं, "आई, आप्पा कराडात हायत." ती उठून आत बघून आली. मग म्हणाली, "त्यांचा मोबाईल तर हितं टेबलावर हाय गं."

मी ऑफिसचा स्टॉप सोडून दिला आणि ट्राममध्येच बसून राहिले. ग्रुपवर लिहिलं: हे माझे वडील आहेत, त्यांना आठवत नाही, कुणाला दिसले तर कृपा करून थांबवा. लाज वाटली, हो. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायची आपल्याकडं सवय नाही. पण हजारो मैलांवरून मी दुसरं करणार काय होते?

पुढचा फोटो पाटणच्या बाजारातून आला, कडेला उभ्या एका बाईनं काढलेला. "आत्ताच गेले. हाका मारल्या, थांबले न्हाईत." म्हणजे कोयनानगरची वाट धरली होती. त्या वळणांवर समोरून ट्रक येतात, आणि आप्पांना डाव्या डोळ्यानं धड दिसत नाही. पाटणचा संभाजी नावाचा एक सभासद मोटरसायकल घेऊन मागं निघाला. मग त्याचा फोन लागेना. त्या रस्त्याला रेंज जाते, हे मला माहीत होतं. लहानपण तिथंच गेलंय. तरी मी वेड्यासारखी नंबर फिरवत होते आणि समोरची जर्मन बाई मला पाण्याची बाटली देत होती.

शेवटी त्याचा फोन आला. "ताई, गावले. शाळंच्या फाटकाशी हायत. गाडी उभी केलीया, पन खाली उतरंनात, चावी बी देईनात. म्हनत्यात, लेकीला न्यायला आलोय, धक्का बसलाय."

तेवढ्यात आईचा मेसेज आला. सकाळी टीव्हीवर बातमी होती, कोयना भागात भूकंपाचा सौम्य धक्का.

मग मला उलगडलं. आप्पा कोयनेच्या वीजगृहात होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो. जमीन हलली की आमच्या कॉलनीतले बाप कपाटं, भांडी बघायचे नाहीत. कामावर नसलेला प्रत्येक जण सरळ शाळेच्या फाटकावर यायचा. आप्पा नेहमी पहिले. मी वर्गातून बाहेर आले की माझं डोकं, खांदे, हात चाचपून बघायचे, मग "चल" म्हणायचे. बातमी ऐकून त्यांनी तेच केलं होतं. त्यांच्या लेखी गर्दी ओसरली, पोरं घरी गेली आणि त्यांची पोर काही बाहेर येईना.

"फोन त्यांच्या कानाला लावा," मी म्हटलं.

"कोण?" आप्पांनी विचारलं. "माझी मंजू आतच हाय अजून."

आई काळजीत आहे, आप्पा तुम्ही कुठं गेलात, मी जर्मनीत आहे, असलं सगळं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

"आप्पा, मी मंजू. मी घरी हाय."

"कवा आलीस?"

"मगाशीच. शाळा लवकर सुटली."

"लागलं न्हाई नव्हं कुठं?"

"न्हाई आप्पा. चावी त्या भावाला द्या, तो तुमाला घरी आणतोय. मी वाट बघतीया."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग संभाजी म्हणाला, "दिली, ताई."

लोक विचारतात, घरी कधी येणार? मी तारीख सांगते, तिकीट काढलंय. पण त्या दिवशी परक्या शहरातल्या ट्राममध्ये बसून मी घरी आहे म्हणाले, आणि आप्पांनी ते खरं मानलं.