मोहोपाड्याला गेलेली आई

काल खोपोलीत एका दुकानात दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास आला आणि मला कर्जतचा नदीकाठचा रस्ता आठवला. तिथे तेव्हा नवेनवे कॅफे निघाले होते. कॉलेज सुटलं की मी आणि माझी मैत्रीण शबाना त्यातला सगळ्यात चांगला कुठला, ते शोधत फिरायचो.

एका दुपारी एका कॅफेत शिरलो, तर कुणीतरी टेबलावर हात आपटून खदखदा हसत होतं. बघते तर आई! मावशीकडे मोहोपाड्याला जाते म्हणून सकाळी घरातून निघालेली माझी आई. मी थिजलेच. घरात ती अशी कधी हसलीच नव्हती.

"सुमे, तुझी पोर काय गं ही?" तिच्या सोबतच्या बायकांपैकी एकीनं विचारलं. आईला सुमी म्हणणारं कुणी असेल, हेच मला ठाऊक नव्हतं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "शाळेतल्या मैत्रिणी हायत गं. बाबांना सांगू नको."

"नाय सांगणार," मी म्हणाले.

त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. आई मात्र पुन्हा हसली नाही.

तेव्हा मला तिच्या खोटं बोलण्याचा धक्का बसला होता. आज वेगळाच बसतो. मैत्रिणींबरोबर हसताना सापडली म्हणून माझी आई मला घाबरली होती.