थंडीची बातमी आणि गरम डोकं

माझ्यासारखा तालुक्याचा वार्ताहर आयुष्यभर सगळ्यांशी भांडत राहिला, की त्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. थंडीत ओठ फुटावेत तसे आपोआप फुटतात. यंदाच्या एका गारठ्याच्या आठवड्यातलेच सांगतो.

*

सोमवारी संपादकांचा फोन. "पारा किती?"

मी एका कचेरीत गेलो. तापमापक शिपायाच्या चहाच्या शेगडीवर टांगलेला!

"आकडा चांगला येतो की इथं," शिपाई म्हणाला.

मी असा ओरडलो की रस्त्यावरचे लोक आत आले. माझा आवाजच तसा. आमच्या वार्ताहरांत म्हणतात, "याच्या हातात माईक देऊ नका, स्पीकर जळेल!"

*

मंगळवारी एका पुढाऱ्याचं ब्लँकेटवाटप. भर दुपारी, उघड्यावर. ब्लँकेटं गुंडाळून म्हातारी माणसं तासभर बसलेली, कारण साहेब ट्रॅफिकमध्ये अडकलेले आणि फोटो बाकी.

एक आजोबा घाम पुसत म्हणाले, "राव, कुडकुडायला कवा सुरवात करायची, तेवडं सांगा!"

*

बुधवारी सकाळीच ओळखीच्या मेंढपाळ हिराबाईंचा फोन. पेठ गावाजवळ एका शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवलेली. "भाऊ, मेंढी पयल्यांदा व्याली, कोकराला जवळच घेईना. गारठून मरंल. डॉक्टर धाडा."

मी जनावरांच्या एका दवाखान्यात फोन लावला.

"ऑनलाइन अर्ज करावा लागेल."

"अर्ज कोकरू करणार का?"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "चालेल. मोबाईल नंबर लागेल."

*

मग मीच मोटारसायकल काढली. डोकं तापलेलं, बाकी सगळा गारठलेला. उतरल्या उतरल्या सुरू झालो. दवाखाना, कचेरी, पुढारी, कुणाला सोडलं नाही!

हिराबाईंनी निवांत ऐकलं. मग माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, थरथरतं कोकरू माझ्या जर्किनच्या आत सरकवलं आणि चेन वर ओढली.

"दूध पाजलंय. आता नुसती ऊब पायजे. मला मेंढरांच्या वाड्यातलं लई काम हाय. पोटाशी धरून बसा, भाऊ. हाललात तर बगा!"

बसलो. बऱ्याच वेळानं कोकराची थरथर थांबली. गेलं की काय? चेन जराशी खाली करून पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. संपादक गरजले, "अहो, बातमी कुठाय? पारा किती?"

मी कुजबुजलो, "हळू बोला, साहेब. झोपलंय."