दोनशे सतरा नंबरचा फोटो

मामांचा फोन मी धुऊन पुसून कोरा केला तेव्हा ते समोरच बसून चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं, त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

चूक निव्वळ माझी. रुग्णालयाचा नवा नियम आला होता. कर्मचाऱ्यांच्या फोनची नोंदणी करायची, त्यात कामाचा वेगळा कप्पा करायचा, आणि माणूस निवृत्त झाला की तेवढा कप्पा आम्ही संगणक विभागात बसूनच पुसून टाकायचा. घरच्या कप्प्याला हात लावायचा नाही. सकाळपासून चाळीस जणांना मी हे पोपटासारखं ऐकवलं, आणि मामांची पाळी आली तेव्हा ‘वेगळा कप्पा’ सोडून ‘संपूर्ण फोन’वर बोट ठेवलं. सगळाच फोन पुसला गेला.

मामा, म्हणजे सगळ्या रुग्णालयाचेच मामा, शवागारात कामाला. अठ्ठावीस वर्षं झाली. पाठीमागे त्यांना सगळे थंडोबा म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण शेवटी आपण कुणाच्या ताब्यात जाणार हे आमच्याकडे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. नवा डॉक्टर दिसला की मामा त्याला नखशिखांत न्याहाळत. "सहा फूट असाल ना? आमच्या खणात पाय दुमडावे लागतील."

आलेल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधायची, चेहऱ्याचा फोटो काढून आमच्या संगणकावर पाठवायचा, हे त्यांचं काम. फोटोआधी ते ओल्या हाताने त्याचे केस बसवत. शोधत कुणी आलंच तर त्याला आपलं माणूस जरा बरं दिसावं, एवढंच.

"मामा, माफ करा हो," मी म्हणालो. "घरचे फोटोही गेले."

"ते बहिणीच्या फोनवर आहेत. आईला रोज संध्याकाळी लागतात, म्हणून तिने जपलेत. मी घरी पोचलो की माझा फोन आईचाच असतो. कामाचे मी कुलूप लावून ठेवले होते, ते येतील का परत?"

"ते आमच्याकडे आहेतच. पण तुम्हाला कशाला? तीन महिन्यांनी सुटणार तुम्ही. लोक निवृत्त होताना घड्याळ नेतात, तुम्ही मढी नेणार?"

"सगळी नकोत. एकच. गेल्या वर्षीचा दोनशे सतरा."

मी उघडला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गालावर आठवड्याची दाढी. केस मात्र चापून बसवलेले, आणि भांग पाडलेला. भांग मी आजवर दुसऱ्या कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता. खाली नोंद होती. सापडला: बसथांब्यावर, बेवारस. ओळख पटवणाऱ्याची सही मामांची. नातं: धाकटा भाऊ.

मी नोंद पुन्हा एकदा वाचली.

"भांडून गेला होता," मामा कपातला बिस्किटाचा गाळ चमच्याने काढत म्हणाले. "एकोणीस वर्षं पत्ता नाही. मी सवयीप्रमाणे चिठ्ठी बांधली, फोटो काढला. मग केस बसवायचे राहिले म्हणून वाकलो, तेव्हा कपाळावरची खूण दिसली. लहानपणी मीच पाटी मारली होती."

"मग?"

"मग काय. पुन्हा फोटो काढला. सही केली, दोन माणसं घेतली, दुपारपर्यंत स्मशानातलं सगळं उरकलं. नंतर आणखी तिघं आले, त्यांचं केलं. संध्याकाळी घरी गेलो तर आई म्हणाली, डबा तसाच आणलास."

त्या दिवशी मामांनी सुट्टी घेतली नव्हती. त्याच संध्याकाळी जिन्यात मी त्यांना "काय थंडोबा, आज किती गिऱ्हाईकं?" असं विचारलं होतं, हे मला आत्ता आठवलं. तोंडावर म्हणणारा मी एकटाच निघालो. त्यांनी तेव्हा बोटं मोजून सांगितलं होतं: चार.

फोनची नोंदणी मी नव्याने केली, या वेळी प्रत्येक शब्द दोनदा वाचून. दोन्ही कप्पे तयार झाले. फोटो हातात होता आणि बोट पुढे सरकेना.

"मामा, कामाच्या कप्प्यात टाकला तर तीन महिन्यांनी मलाच पुसावा लागेल. दुसरा फोटो आहे का त्याचा, मोठेपणीचा?"

"नाही."

"मग मी घरच्या कप्प्यात टाकतो. नियमात बसत नाही, पण कोण बघायला येतंय?"

मामांनी कप खाली ठेवला.

"कामाच्याच कप्प्यात ठेवा, साहेब. घरी तो अजून जिवंत आहे."